वाटी आणि नजराणा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दांडिया बाजारातल्या एका घरून मला बोलावणे आले. घर जुने, आणि घरातल्या रीतिभाती घराहून जुन्या. तिथली सोळा वर्षांची मुलगी माझ्याकडे गाणे शिकते. शाळेतर्फे ती तीन आठवड्यांसाठी जर्मनीला, स्टुटगार्टजवळच्या एका गावी निघाली आहे. तिथल्या एका कुटुंबात ती राहणार, त्यांच्या मुलीबरोबर शाळेत जाणार. आणि पुढे हिवाळ्यात ती मुलगी बडोद्यास येऊन यांच्या घरी राहणार, असा बेत आहे. आनंदाची बातमी सांगायला बोलावले असेल, अशा समजुतीने मी गेलो. पाहतो तो दिवाणखान्यातला झोपाळा एखाद्या दुकानासारखा मांडलेला!

पितळेची पाच वातींची समई, संगमरवरी गणपती, यजमानीणबाईंसाठी जरीकाठी साडी, यजमानांसाठी शाल, मिठाईचे दोन मोठे पेटारे; आणि या सगळ्यांच्या मधोमध लाल मखमलीवर ठेवलेली चांदीची अत्तरदाणी. ही अत्तरदाणी आजींच्या आजेसासूबाईंना वाड्यावरच्या एका समारंभात मिळाली होती, असे त्या घरात सांगतात. मुलीचे वडील एका कचेरीत नोकरीला आहेत. या खरेदीसाठी त्यांनी पगारातून उचल घेतली, हे मला मागाहून कळले. मुलगी मात्र खिडकीत बसून होती आणि एका शब्दाने बोलत नव्हती.

"मास्तर, तुम्ही त्या देशात राहून आलेले. तुम्हीच सांगा, यात काही कमी तर नाही ना?" आजींनी विचारले. "आपल्या घरातलं माणूस कुणाच्या दारी हात हलवत गेलेलं नाही आजवर."

कमी काहीच नव्हते. जे होते तेच फार होते. परंतु ते त्या क्षणी सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी मुलीला विचारले, "तुला काय न्यावंसं वाटतं?" ती हळूच म्हणाली, "मास्तर, हे सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं तर त्यांना काय वाटेल? आणि मग ती मुलगी इथे येईल तेव्हा तिच्या आईनं काय द्यायचं?"

मला वाटते, या विषयावर वडीलधाऱ्या माणसांनी जो विचार करायचा तो त्या मुलीने दोन वाक्यांत करून टाकला होता. बडोद्यात, आणि बडोद्यासारख्याच इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या घरांतून, हल्ली मुले शिक्षणाच्या निमित्ताने परदेशी कुटुंबांत राहायला जाऊ लागली आहेत. प्रत्येक घरी हाच झोपाळा मांडला जात असणार. म्हणून चार शब्द लिहितो.

आपल्यापाशी देण्याच्या दोन रीती आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो, असे माझे म्हणणे आहे. एक रीत दरबारची, दुसरी शेजारची.

दरबारची रीत मला घरातूनच ठाऊक आहे. माझे आजोबा दरबारचे गवई. वडील १९४८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आजोबांच्या मागे तंबोऱ्यावर बसण्यासाठी दरबारी कलावंतांच्या पटावर लागले. आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. "माझी दरबारी नोकरी एका आंब्याच्या मोसमापासून दुसऱ्या मोसमापर्यंत टिकली," असे ते हसून म्हणत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. माझ्या वाट्याला तंबोरा आला आणि दरबारच्या गोष्टी आल्या. त्यांतली एक गोष्ट नजरेची. दसऱ्याच्या दरबारात प्रत्येकाने ओंजळीत रुमाल धरून त्यावर नाणे ठेवायचे आणि महाराजांपुढे करायचे. आजोबांसारख्या लहान माणसाचे नाणे महाराज नुसता हात लावून परत करीत. देणे घडले, मान राहिला, आणि नाणे पुन्हा खिशात! उलट गाणे झाले की बिदागी मिळे, ती मात्र परत करायची नसते. नजर खालून वर जाते, बिदागी वरून खाली येते. या दोन्ही रीतींत देणारा आणि घेणारा एका पायरीवर उभे नसतात. दरबार चालतोच मुळी त्या पायऱ्यांवर.

दुसरी रीत शेजारची. आमच्या वाड्यात पलीकडे एक गुजराती कुटुंब राहते. त्यांच्याकडून उंधियूची वाटी आली की माझी आई ती वाटी धुऊन कधीच रिकामी परत करीत नसे. पुरणपोळीचा दिवस असेल तर पोळी, काहीच नसेल तर चिमूटभर साखर. कुणी हिशेब ठेवला नाही, कुणी कुणाच्या वर गेले नाही, आणि पन्नास वर्षे वाटी फिरत राहिली. या देण्यात दाखवण्यासारखे काही नसते. म्हणूनच ते टिकते.

आता जी मुलगी परक्या घरी तीन आठवडे राहणार, तिने यांतली कोणती रीत धरायची? ते यजमान काही महाराज नव्हेत, की त्यांना नजर करावी. आणि आपणही महाराज नव्हे, की त्यांना बिदागी द्यावी. ते आपल्यासारखेच नोकरी करणारे, मुलांना शाळेत धाडणारे लोक. आपले घर ते आपल्या मुलीसाठी उघडतात आणि आपण आपले घर त्यांच्या मुलीसाठी उघडणार आहोत. देवाणघेवाण झाली ती तिथेच झाली: घराला घर. त्या मुलीला हिवाळ्यात ऊन पाणी वेळेवर मिळाले, तिच्या पोटाला मानवेल असे जेवण मिळाले, तर ती खरी परतफेड. वस्तू ही परतफेड नव्हे. ती फक्त "मी आले" असे सांगण्याची पद्धत.

वर्षभराच्या मुक्कामालाही हेच लागू. अशा मुक्कामांची जुनी व्यवस्था करणारी 'एएफएस' ही संस्था महायुद्धांत जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांतून निघाली आणि १९४७ साली तिने शाळकरी मुलांची ने-आण सुरू केली. मुलांना घरी ठेवून घेणारी कुटुंबे तिथे सामान्यतः मोबदला घेत नाहीत. ज्याने पैशाची अपेक्षाच ठेवली नाही, त्याच्यापुढे किमती वस्तू ठेवणे म्हणजे त्याच्या आपुलकीला भाव लावण्यासारखे होते.

जर्मन भाषेत एक गंमत आहे. आपण इंग्रजीवरून जो 'गिफ्ट' शब्द सर्रास वापरतो, त्या उच्चाराच्या जर्मन शब्दाचा अर्थ आहे विष! दोन्ही शब्दांचे मूळ एकच, 'देणे' या अर्थाचे. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने देण्याघेण्याच्या चालीरीतींवर लिहिलेला निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही माणसावर बंधने आहेत, हे त्याने त्यात दाखवले. आणि शब्दाचा हा दुहेरी अर्थही त्याच्या नजरेतून सुटला नाही. पाहुण्याने बरोबर आणलेल्या लहानशा वस्तूसाठी मात्र जर्मनांचा एक साधा, घरगुती शब्द आहे: 'मिटब्रिंगझेल'. बरोबर आणलेले काहीतरी, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे त्याला फार सुंदर शब्द आहे, तो म्हणजे खाऊ. खाऊची किंमत कुणी विचारीत नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. २००४ साली, पंचवीस वर्षांचा असताना, मी जर्मनीतल्या एका गावी संगीताच्या शिबिरासाठी गेलो आणि एका कुटुंबात सहा आठवडे राहिलो. आईने नको नको म्हणत असताना मी बरोबर चांगली जड समई नेली. बडोद्याच्या दरबारी गवयाचा नातू, तेव्हा भेटही तशीच हवी, असा माझा डौल! यजमानीणबाई इस्पितळात परिचारिका होत्या. त्यांनी समई कौतुकाने जेवणाच्या मेजावर ठेवली, आणि मला बरे वाटावे म्हणून दुसऱ्या दिवशी पेटवलीही. तेल ओघळले आणि त्यांच्या आईने भरतकाम केलेल्या मेजपोसावर डाग पडला. तो काही गेला नाही. वाईट मला वाटायला हवे होते. पण त्याच मला दिवसभर "काही हरकत नाही" म्हणत राहिल्या. निघण्याच्या दिवशी त्यांनी मला एक मनगटी घड्याळ दिले. त्याची किंमत पुढे मला एका दुकानात दिसली आणि माझी मान खाली गेली. माझ्या समईने त्या बाईंना त्या खर्चात पाडले होते.

त्याच पेटीत आईने माझ्या नकळत चहाच्या मसाल्याची एक पुडी टाकली होती. ती मला तिसऱ्या दिवशी सापडली. मग रोज चार वाजता मी चहा करू लागलो आणि सगळे घर स्वयंपाकघरात जमू लागले. त्यांची धाकटी मुलगी बोटांच्या पेरांवर त्रिताल मोजायला शिकली ती त्या चहाच्या वेळी. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे. नाताळात तिचे पत्र येते, त्यात समईचा उल्लेख कधी नसतो. मसाला मात्र ती दर वेळी मागते.

यावर आजी म्हणतील, आणि म्हणाल्याही, "राजाकडे, देवाकडे, गुरूकडे रिकाम्या हातांनी जाऊ नये म्हणतात. मग परक्या घरी कसं जायचं?" रिकाम्या हातांनी जा, असे मी म्हणतच नाही. फूल ना फुलाची पाकळी, असे आपणच म्हणत आलो. प्रश्न पाकळी आपल्याला पुरेशी का वाटत नाही, हा आहे.

याचे उत्तर थोडे कटू आहे, पण आपल्याच माणसांत बोलायला हरकत नसावी. आपले पूर्वज अठराव्या शतकात या भूमीत आले ते पाहुणे म्हणून आले नाहीत, सत्तेबरोबर आले. देणे म्हणजे आपला मोठेपणा समोरच्याला दिसणे, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली. सत्ता गेली, सवय राहिली. घरात महिन्याची तोंडमिळवणी होत नसली तरी लग्नातला आहेर वाड्याला शोभेलसा हवा! पाहुणा होण्याची विद्या आपण पुरती शिकलोच नाही. ती आपल्या मुलांना शिकायची संधी आता आली आहे, तर त्यांच्या खांद्यावर आपला डौल लादू नये.

"पण ती आपल्या संस्कृतीची प्रतिनिधी म्हणून जाते आहे," असे मुलीचे वडील म्हणाले. हाही एक गैरसमज. बडोद्यास जन्मलेले आणि मौलाबक्षांच्या घरात वाढलेले इनायत खाँ १९१० साली वीणा घेऊन अमेरिकेस गेले आणि पुढे युरोपात नावारूपाला आले, हा आपल्या शहराचा अभिमानाचा इतिहास आहे. त्यांच्या वीणेमागे लहानपणापासूनची तालीम होती. आपली मुलगी सोळा वर्षांची आहे, ती शिकायला चालली आहे. तीन आठवडे ती त्या घरातली एक मुलगी असेल, एवढे तिला पुरे आहे. तिने पहिल्याच रात्री सगळ्यांना बसवून तासभर गाणे म्हणावे, असाही घरच्यांचा बेत होता. तिचा शिक्षक असूनही मी तो मोडून काढला. न मागितलेले गाणे ही पण एक जड समईच असते. कुणी विचारले तर पाच मिनिटे गा. न विचारले तर भांडी पुसताना गुणगुण. ऐकणाऱ्याला हवे असेल तर तो आपण होऊन जवळ येईल.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. त्या झोपाळ्यावरचे निम्मे सामान तर कायद्यानेच उतरवले असते. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ती मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. जुन्या घरांत अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, मोडी बाडे आणि चिजांच्या वह्या पुष्कळ आहेत. त्या देण्याचा मोह कुणी धरू नये. मिठाईचे म्हणाल तर युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या विमानतळावरच राहणार. ताज्या फळांना डिसेंबर २०१९ पासून रोगमुक्ततेचा दाखला लागतो. त्यातून अननस, केळे, खजूर, नारळ आणि ड्युरियन ही पाचच फळे वगळली आहेत. म्हणजे हापूस आंब्याला मज्जाव, श्रीफळाला मोकळी वाट! अर्थात विमान कंपनीचा नियम वेगळा असू शकतो, तो आधी पाहावा.

मूर्तीविषयीही एक सांगणे. देवाची मूर्ती दिली की ती कुठे ठेवतील याची काळजी आपल्या मनाला लागून राहते. त्यांनी ती शोभेची वस्तू म्हणून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली, तर दोष त्यांचा नाही. ज्या वस्तूच्या वापरावर आपल्याला अट घालाविशी वाटते, ती वस्तू भेट म्हणून देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी विचारावे. आपल्याकडे भेटीबद्दल विचारणे कमीपणाचे वाटते. परंतु "तुमच्या घरी कुणाला काही खाण्याची बाधा होते का?" हे विचारण्यात कसला कमीपणा? मुलीने माझ्या सांगण्यावरून पत्र पाठवले. उत्तर दोन दिवसांत आले. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची इतकी बाधा होते की एक दाणा पोटात गेला तरी इस्पितळात धावावे लागते. ते उत्तर वाचून घरात सगळे गप्प झाले. मिठाईच्या एका पेटाऱ्यात शेंगदाण्याची चिक्की काठोकाठ भरलेली होती.

त्या शांततेत आजींनीच तोंड उघडले. जरा रागानेच म्हणाल्या, "मग काय, सुदाम्यासारखे पोहे पाठवायचे?"

"पाठवा की!" मी म्हणालो. "द्वारका काही आपल्याला परकी नाही. तुमच्या हातचा पातळ पोह्यांचा चिवडा पाठवा. दाणे नकोत, डाळे घाला."

आजींचा चेहरा बदलला. चिवडा हा त्यांचा प्रांत. डाळे कुठल्या दुकानातले, आणि दाण्याचा हात लागलेली कढई वापरायची नाही म्हणून नवी कढई कुणाकडून आणायची, याची चर्चा त्यांनी सुनेशी तिथल्या तिथे सुरू केली. चिवड्यात काय काय घातले आहे, ते मुलीने इंग्रजीत कागदावर लिहून डब्याला चिकटवायचे, असे ठरले. तिकडच्या लोकांना घटक वाचून मगच खाण्याची सवय असते, आणि अशा आजारी मुलाच्या आईला तर तो कागद चिवड्याहून मोलाचा.

बाकीची यादी मुलीने स्वतः केली. चहाचा मसाला. संखेड्याच्या लाखकामाची एक छोटी डबी, कारण संखेडे आपल्या शेजारचे आणि डबी कोणत्याही घरात कशालाही उपयोगी पडते. त्या लहान मुलासाठी पुठ्ठ्यात घालून चार पतंग, आणि साधा सुती दोरा. मांजा मुळीच नाही. उत्तरायणात गच्चीवर दोन-दोन दिवस काढणाऱ्या बडोद्याच्या मुलीला पतंग उडवायला शिकवता येणारच. सारे मिळून दोन हजारांच्या आत बसले आणि वजन अडीच किलोही भरले नाही. साडी, शाल आणि समई दुकानदाराने परत घेतली; उचल फेडायला वडिलांना तेवढा आधार झाला. अत्तरदाणी पुन्हा कपाटात गेली. ती त्या घराची आहे, त्या घरातच शोभते.

देण्याच्या वेळेबद्दल मी मुलीला एकच सूचना दिली. आपल्याकडे आलेली भेट पाहुण्यासमोर उघडत नाहीत, बाजूला ठेवतात. तिकडे ती लगेच, देणाऱ्याच्या समोर उघडतात आणि काय वाटले ते सांगतात. त्यांनी कागद फाडला तर बावरून जाऊ नकोस, आणि "यात काही विशेष नाही" असेही म्हणत बसू नकोस. पतंग दे आणि "उद्या वारा असेल तर उडवू" असे सांग. परत आल्यावर आठवड्याच्या आत स्वतःच्या हाताने पत्र लिही. भेटीपेक्षा ते पत्र जास्त दिवस जपून ठेवतील.

परवा मी शिकवणीला गेलो तेव्हा चिवड्याचा डबा तयार होता. जुना, पितळी, घट्ट झाकणाचा, वर नाव कोरलेला. मुलीच्या आईचे म्हणणे, प्लास्टिकची पिशवी हलकी पडेल. आजी ऐकेनात. मला म्हणाल्या, "मास्तर, डबा जुना नाही हो तुमच्या कायद्याइतका, माझ्या लग्नातला आहे. तिला सांगितलंय, डबा तिथेच ठेवून ये. ती पोरगी हिवाळ्यात येईल तेव्हा घेऊन येईल."

"रिकामा आणला तर?" मी विचारले.

"आणू दे," आजी म्हणाल्या, "इथे भरून देऊ."